पॅड बांधून बसलेला मुलगा

रविवारी पहाटे पाच वाजता भाईंदर स्टेशनवर एकदा येऊन पाहावे. खाडीवरून गार वारा येत असतो, चहावाल्याची पहिली किटली नुकती उकळलेली असते, रात्रपाळी संपवून परतणारी माणसे बाकावर बसल्या बसल्या पेंगत असतात; आणि फलाटावर इकडे तिकडे, स्वतःच्या उंचीएवढ्या पिशव्या पाठीला लावलेली मुले उभी असतात. प्रत्येक मुलाशेजारी डोळे चोळणारा एक बाप असतो. त्या बापांपैकी एक मी.

त्या पिशवीला 'किट' म्हणायचे. पहिल्या दिवशी मी तिला 'दप्तर' म्हणालो तेव्हा आमच्या चिरंजीवांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'तुकाराम हे पेशवाईतील कवी' असे लिहिणाऱ्याकडे पाहतो. किटमध्ये दोन बॅटी, पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट आणि आईने दिलेला डबा असतो. गाडीत चढताना ते कोणाच्या तरी गुडघ्यावर आपटते. मग तो गृहस्थ आधी रागावतो, मग मुलाकडे पाहतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, "काय रे, सचिन होणार का?"

ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे ते मला दोन वर्षांत सुचलेले नाही.

आमची ही पश्चिम रेल्वे क्रिकेटच्या बाबतीत मोठी पुण्यवान गाडी आहे, असे डब्यातली जाणकार मंडळी सांगतात. विरारहून पृथ्वी शॉ आपल्या वडिलांबरोबर ह्याच मार्गाने येई. त्याने २०१३ साली हॅरिस शील्डच्या एका सामन्यात ५४६ धावा केल्या. पालघरकडचा शार्दूल ठाकूरही किट घेऊन ह्याच गाड्यांतून लोंबकळत आला. भाईंदरनंतर मीरा रोड, दहिसर आणि मग बोरिवली. बोरिवली आली की कोणीतरी हटकून दिनेश लाडांचे नाव काढतो. तिथल्या स्वामी विवेकानंद शाळेचे हे क्रिकेटचे सर. १९९९ साली त्यांनी एका सामन्यात ऑफस्पिन टाकणारा एक मुलगा पाहिला आणि आपल्या शाळेत ये म्हणून सांगितले. मुलगा काकांकडे राहत होता. शाळेची फी महिना २७५ रुपये. ती काही झेपण्यासारखी नव्हती. लाड सर शाळेच्या चालकांकडे गेले आणि त्यांनी फी माफ करून आणली. पुढे एके दिवशी तोच मुलगा बॅट घेऊन नुसता चेंडू ठोकताना त्यांच्या नजरेस पडला आणि त्यांच्या लक्षात आले की, अरे, आपण ज्याला गोलंदाज म्हणून आणला तो फलंदाज आहे! तो रोहित शर्मा. शार्दूलला तर लाडांनी पालघरचा प्रवास वाचावा म्हणून आपल्या घरातच ठेवून घेतले होते. सरकारने २०२२ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार दिला, तो मला रोहितपेक्षा त्या माफ करून आणलेल्या फीबद्दल दिला असावा असे वाटते. अर्थात पुरस्कार देणारे असा विचार करीत नाहीत.

हे सर्व मला कसे ठाऊक, असे माझे जुने विद्यार्थी विचारतील. कारण मला मैदानाचे वावडे. शाळेत असताना मी खेळाच्या तासाला ग्रंथालयात पुस्तके लावीत असे. पण महाविद्यालयांत एक विचित्र न्याय असतो. चार वर्षांपूर्वी आमच्या प्राचार्यांनी जिमखाना समितीचे प्रमुखपद माझ्या गळ्यात घातले. कारण एकच, त्या सभेला मी उशिरा पोहोचलो होतो. तेव्हापासून चेंडूंची बिले, बुटांचे हिशेब, आणि 'सर, हजेरी लावा, मॅचला गेलो होतो' असे अर्ज ह्यांत माझे दिवस जाऊ लागले. बिलांवर सह्या करता करता मी आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या प्रशिक्षकांकडे पाहू लागलो. ही माणसे सकाळी सहाला हजर असतात. तासाच्या हिशेबाने त्यांना जे मिळते ते सांगायची मला लाज वाटते. अमेरिकेत म्हणे काही विद्यापीठांत फुटबॉलच्या प्रशिक्षकाचा पगार कुलगुरूंपेक्षाही अधिक असतो. आमच्याकडे प्रशिक्षकाला स्टाफरूममध्ये खुर्चीसुद्धा नसते. तो दाराशी उभा राहून चहा घेतो. त्या दाराशी उभ्या माणसांमुळेच मी आचरेकर सरांविषयी वाचू लागलो, आणि मग मिळेल ते वाचीत सुटलो.

रमाकांत आचरेकर मूळचे मालवणचे. जन्म १९३२ चा. त्यांची स्वतःची खेळातली कारकीर्द सांगायला एक वाक्य पुरते: १९६३-६४ च्या मोसमात मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध ते एक प्रथम श्रेणीचा सामना खेळले. एकच. पोटासाठी बँकेतली नोकरी आणि जिवासाठी शिवाजी पार्क. तिथे कामत मेमोरियल क्लबच्या नेट्समध्ये आणि दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात त्यांनी जी मुले घडवली त्यांची यादी वाचताना धाप लागते. बलविंदर संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण अमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, समीर दिघे, रमेश पोवार. आणि अर्थातच तो एक. १९९० साली द्रोणाचार्य, २०१० साली पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. आता पार्कात त्यांचे स्मारक आहे. ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, त्याचे अनावरण झाले.

पण यादी आणि पुरस्कार म्हणजे माणूस नव्हे. मला त्यांच्यातला मास्तर दिसतो तो स्कूटरवर. शाळेच्या सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सामने, असा त्यांनी सचिन तेंडुलकरसाठी आखलेला एका उन्हाळ्याचा हिशेब आहे. एका मैदानावर मुलगा बाद झाला की त्याला स्कूटरवर मागे बसवायचे आणि दुसऱ्या मैदानावर नेऊन तिथल्या कप्तानाला सांगायचे, ह्याला चौथ्या क्रमांकावर पाठव. बॅट, पॅड, मुलगा आणि टोपी घातलेले सर, अशी ती वरात दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवरून जाताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना त्या वेळी काय वाटले असेल कोण जाणे. बहुधा काहीच नाही. फार तर, ह्या गृहस्थांना दुसरा उद्योग नाही काय, असे.

संध्याकाळी सराव संपत आला, मुलगा दमून गेला, म्हणजे मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे. जो गोलंदाज बाद करील त्याचा रुपया. कोणालाच जमले नाही तर रुपया फलंदाजाचा. मैदानावर क्षेत्ररक्षक म्हणून असतील नसतील तेवढी सारी पोरे उभी करायची. हवेतून कुठेही झेल गेला की बाद. असली तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. आणि एवढे झाल्यावर पॅड-ग्लोव्ह्ज अंगावर तसेच ठेवून पार्काला दोन फेऱ्या. मी मनाशी हिशेब केला: आमच्या व्यवसायात असे नाणे कुठे ठेवता येईल? दमलेल्या विद्यार्थ्याला शेवटच्या पंधरा मिनिटांत आपण काय देतो? आपण म्हणतो, "उरलेला भाग घरी वाचून या."

इथे आमच्या विषयाच्या एका प्राध्यापकांची आठवण काढल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सचिनचे वडील प्रा. रमेश तेंडुलकर कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवीत. कवी माणूस. १९८४ साली थोरला मुलगा अजित धाकट्याला आचरेकरांकडे घेऊन गेला. पहिल्या दिवशी मुलगा बुजला, त्याला धड खेळता येईना. तेव्हा अजितने सरांना विनंती केली की, तुम्ही निघून गेल्यासारखे करा आणि लांबून पाहा. सर झाडाआड उभे राहिले आणि मुलगा मोकळा खेळला. पुढे सरांनी सुचवले की ह्याची वांद्र्याची शाळा बदला, शारदाश्रमात घाला. घरी विचारविनिमय झाला. वडिलांनी मुलाला एवढेच सांगितले की, तुला खेळाबद्दल खरोखरच मनापासून वाटत असेल तर माझी हरकत नाही. त्यानंतर हे प्राध्यापक सरांच्या कामात कधी लुडबुडल्याचे माझ्या वाचनात नाही. मराठीचा प्राध्यापक असून जिथे बोलायचे नाही तिथे गप्प राहणे हे किती कठीण आहे, हे त्या जातीतलाच माणूस जाणे.

आता त्या थपडेविषयी. शारदाश्रमच्या मोठ्या मुलांचा संघ वानखेडेवर हॅरिस शील्डचा अंतिम सामना खेळत होता. त्याच दिवशी सरांनी सचिनसाठी दुसरीकडे एक सामना ठरवून ठेवला होता. सचिन तो चुकवून आपल्या शाळेसाठी टाळ्या पिटायला वानखेडेवर गेला. तिथे सर भेटले. किती धावा केल्यास, म्हणून विचारले. खरे कळल्यावर चारचौघांत एक ठेवून दिली. हातातला डबा लांब उडाला. दुसऱ्यांसाठी टाळ्या कसल्या वाजवतोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असे खेळ, हे त्यांच्या बोलण्याचे सार. स्वतः सचिनने ही हकीकत पुष्कळदा सांगितली आहे आणि कृतज्ञतेने सांगितली आहे.

ही गोष्ट आमच्या इमारतीतल्या पालकांना फार आवडते. "आता तसे मास्तर राहिले नाहीत हो," असे म्हणून ते आपल्या मुलाकडे पाहतात. मला ती आवडत नाही. मास्तरांवरच्या भक्तीने मी एवढा आंधळा झालेलो नाही. ती थप्पड आपल्या कानावर आली, कारण जिला ती बसली ती व्यक्ती पुढे सचिन तेंडुलकर झाली. मैदानावर थप्पड खाऊन जी मुले दुसऱ्या दिवसापासून यायचीच बंद झाली असतील, त्यांना कोणी भाषणाला बोलावत नाही. मला त्या प्रसंगात हाताची उगारणी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचे वाटते ते हे की, कोणत्या मुलाचा कुठल्या मैदानावर आज कितवा क्रमांक आहे, हे त्या माणसाच्या डोक्यात पक्के होते.

आणि मला खरा छळतो तो त्यांचा दुसरा स्वभाव. ते शाबासकी देत नसत. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर सचिनने निरोपाचे भाषण केले. तेव्हा त्याने सांगितले की, एकोणतीस वर्षांत सरांनी मला एकदाही 'छान खेळलास' असे म्हटले नाही, मी गाफील होईन ह्या धास्तीने. आता माझे सामनेच संपले आहेत, तेव्हा आता म्हणायला हरकत नाही. सर त्या सामन्याला चाकांच्या खुर्चीतून आले होते. सगळे स्टेडियम रडत होते, आमच्या घरी टीव्हीपुढे माझी आईदेखील रडत होती. मी मात्र भलत्याच कारणाने अस्वस्थ झालो होतो.

कारण मी 'छान' म्हणणारा मास्तर आहे. वीस वर्षे मी हेच करीत आलो. वर्गात कोणी कविता वाचली, छान. निबंध दाखवला, छान. वक्तृत्व स्पर्धेत तिसऱ्या वाक्याला विसरला, तरी "सुरुवात छान होती". ह्याला मी माझा चांगुलपणा समजत असे. आमच्या गावात मुले लांबून येतात, बहुतेक जण कुठे ना कुठे अर्धवेळ काम करतात, त्यांना कशाला नाउमेद करायचे? दहा-बारा वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी मला आठवते. तिचे नाव सांगत नाही. ती दर पंधरवड्याला कवितांची वही घेऊन येई. मी चाळीत असे आणि 'छान' म्हणून परत करीत असे. कधीमधी एखाद्या ओळीखाली रेघ ओढी. चार वर्षांपूर्वी ती मीरा रोडच्या भाजीबाजारात भेटली, कडेवर मूल होते. मी विचारले, "लिहितेस की नाही अजून?" ती हसली. म्हणाली, "सर, खरं सांगू? माझ्या कविता बऱ्या होत्या की वाईट, ते तुमच्याकडून मला कधी कळलंच नाही. तुम्ही सगळ्यांनाच छान म्हणायचात." रागाने नव्हे, हो. मेथीची जुडी निवडता निवडता, सहज. मी घरी आलो ते भाजी न घेताच.

ते वाक्य मी अजून पचवतो आहे. म्हणून आचरेकरांच्या न दिलेल्या शाबासकीचा मला हेवाही वाटतो आणि भीतीही वाटते. त्यांचे गप्प राहणे मुलाला कळत होते, कारण त्याआधी स्कूटर होती, नाणे होते, झाडाआडून पाहणे होते. ज्याने ह्यातले काही केलेले नाही त्याने नुसते गप्प राहण्याचे सोंग आणले तर तो फक्त खडूस मास्तर होईल. असे मास्तर मला भरपूर लाभले आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो म्हणजे पॅड.

आमचे चिरंजीव तेरा वर्षांचे आहेत. दादरच्या एका मैदानावर ते शिकायला जातात. गेल्या मोसमात त्यांच्या संघाचे सात सामने झाले, त्यांपैकी पाचांत ते अकरांत होते आणि एकाच सामन्यात त्यांना फलंदाजी मिळाली. उरलेल्या वेळी ते पॅड बांधून तंबूच्या कडेला बसले. क्रमांक सहावा किंवा सातवा. वरची मुले खेळत राहिली, षटके संपली, चिरंजीवांनी पॅड सोडले आणि आम्ही भाईंदरला परत आलो. जाताना दीड तास, येताना दीड तास, आणि मध्ये सहा तास त्या पॅडांचे बंद बांधणे आणि सोडणे. सौभाग्यवतींचे म्हणणे, "त्यांना सांगत का नाही तुम्ही? तुम्हीही शिक्षकच ना?" मी कट्ट्यावर बसून उत्तरपत्रिका तपासायचे निमित्त करून ते पाहत असे, आणि दर रविवारी माझ्या मनात एक भाषण तयार होत असे.

त्याच सुमारास मला अमोल मुजुमदार भेटला. म्हणजे पुस्तकात.

२३ फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना, शारदाश्रमविरुद्ध सेंट झेवियर्स. दोन बाद ८४ वर सचिन आणि विनोद कांबळी एकत्र आले आणि मग ते बादच होईनात. पुढचा फलंदाज अमोल. वय तेरा. त्याने पॅड बांधले. दिवस संपला, त्याने पॅड सोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधले. सर स्वतः मैदानावर नव्हते. त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण होते. ते कडेवरून डाव सोडा म्हणून खुणा करीत होते आणि आतले दोघे त्यांच्याकडे बघायचे टाळीत होते. अखेर जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन झाला. कांबळी तेव्हा ३४९ वर नाबाद होता. आणखी एक धाव करू द्या म्हणून त्याने विनवले म्हणतात. सरांनी डाव सोडायला लावला. सचिन नाबाद ३२६. दोघांची भागी अभंग ६६४. शाळेच्या दोन बाद ७४८. नंतर कांबळीने गोलंदाजीही केली आणि ३७ धावांत सहा गडी टिपले, तो भाग लोक विसरतात.

ह्या ६६४ वर लोकांनी रकानेच्या रकाने लिहिले. मला दिसतो तो कडेला बसलेला तेरा वर्षांचा मुलगा. त्याचे आई-वडील मैदानावर होते की नव्हते मला ठाऊक नाही. असते तर त्यांनी काय केले असते? मी काय केले असते ते मला पक्के ठाऊक आहे. मी चव्हाण सरांना बाजूला घेऊन म्हणालो असतो, "एकाला तरी परत बोलवा की हो. आमच्या मुलाने कालपासून पॅड बांधलेत."

गोष्ट इथे थांबत नाही. ह्या मुलाने १९९४ साली मुंबईकडून रणजीच्या पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पदार्पणातल्या धावांचा तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. पुढची वीस वर्षे तो खेळत राहिला. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, तीस शतके, २००६-०७ साली त्याच्या हाताखाली मुंबईने रणजी जिंकली. आणि भारतासाठी? एकही सामना नाही. त्याच्या पुढे सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण असे खेळत राहिले. म्हणजे आझाद मैदानावरचे ते पॅड त्याला जन्मभर बांधूनच ठेवावे लागले, म्हणा ना. पलीकडे कांबळीचे पाहा. १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके, कसोटीची सरासरी चोपन्न, आणि शेवटची कसोटी १९९५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. एकाच सरांच्या हाताखालची तीन मुले, एकाच दिवशी एकाच मैदानावर. ह्यातून सरांची पद्धत बरोबर की चूक, ह्याचे गणित कोणी मांडून दाखवावे. मला ते सुटत नाही.

तरीही मी भाषण घेऊन गेलोच. गेल्या डिसेंबरातला रविवार होता. चिरंजीव पुन्हा पॅड बांधून बसले होते. ड्रिंक्सच्या वेळी मी त्यांच्या प्रशिक्षकांना गाठले. पन्नाशीचे, उन्हाने रापलेले गृहस्थ. आठवडाभर कुठल्याशा कंपनीत नोकरी करतात. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सर, मीसुद्धा शिक्षक आहे, म्हणून बोलतो. मुलाच्या आत्मविश्वासाचा प्रश्न—"

ते मैदानाकडेच पाहत होते. तसेच पाहत म्हणाले, "बाहेर जाणारा बॉल आहे ना, तो मारायला जातो तो. तीन महिने सांगतोय. ते सुटलं की वर पाठवीन."

"केव्हा सुटेल?"

"ते मला काय ठाऊक?" मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. "तुम्ही त्याला घरी काय सांगता?"

मी म्हणालो, "छान खेळतोस, असं सांगतो."

"ते जरा बंद करा, सर."

एवढे बोलून ते पंचांकडे निघून गेले. माझे भाषण तसेच खिशात राहिले. कट्ट्यावर परत येऊन मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उघडला आणि पहिल्याच उत्तरपत्रिकेवर सवयीने लिहिलेला 'छान' खोडला. मग काय लिहावे ते सुचेना, म्हणून गठ्ठा मिटला आणि खेळ पाहू लागलो. खेळ म्हणजे, पॅड बांधून बसलेला माझा मुलगा. दोन वर्षे मी त्याला पाहत होतो आणि तो बसल्या बसल्या काय करतो ते मी कधी पाहिले नव्हते. तो हातमोज्याचा अंगठा चावीत होता. आणि गोलंदाजाने चेंडू सोडला की दर वेळी त्याचा डावा पाय जागच्या जागी थोडासा पुढे सरकत होता.

त्याच्या महिनाभर आधीची एक रात्र मला आठवली. २ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर बायकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसाने उशीर झालेला, मध्यरात्र उलटून गेलेली, आमच्या इमारतीत एकाही घरचा दिवा मालवलेला नव्हता. लागोपाठ तीन सामने हरून आमच्या मुली जवळजवळ घरी निघाल्या होत्या. त्याच मुलींनी उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाला आणि त्या रात्री दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. मैदानावर जो धिंगाणा चालला होता त्यात एक मध्यमवयीन गृहस्थ काहीसे अवघडून उभे होते. कप्तान हरमनप्रीत त्यांच्यापाशी गेली आणि वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला. ते संघाचे प्रशिक्षक, अमोल मुजुमदार. मी चिरंजीवांना म्हणालो, "हाच तो." पण त्यांना ती गोष्ट मी आधी सांगितलेलीच नव्हती. मग रात्री एक वाजता सांगावी लागली. ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग दुसऱ्या दिवशी त्याला बॅटिंग मिळाली?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी मान हलवली आणि झोपायला गेले.

मोसमाच्या शेवटच्या सामन्यात चिरंजीवांना सहाव्या क्रमांकावर धाडले. उन्हे उतरू लागली होती. त्यांनी अकरा धावा केल्या, त्यांत एक चौकार. आणि मग बाहेर जाणाऱ्या एका चेंडूला बॅट लावून ते यष्टिरक्षकाच्या हाती सापडले. परत येताना त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. प्रशिक्षक काही बोलले नाहीत. पॅडचे बंद सोडायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

दादरला गाडीत जागा मिळाली. अंधेरी गेली, बोरिवली गेली. किट दोघांच्या गुडघ्यांमध्ये उभे होते. दहिसर सुटल्यावर चिरंजीवांनी खिडकीबाहेर पाहतच विचारले, "बाबा, कसं खेळलो मी?"

तोंडातून शब्द निघालाच होता. मी तो गिळला. म्हणालो, "तसेच दोन चेंडू आधीपण आले होते. ते तू सोडलेस."

त्याने मान वळवली. "तुम्हांला कसं कळलं?"

"बघत होतो."

"तीन सोडले," तो म्हणाला. "एक तुमच्या नजरेतून सुटला." मग भाईंदर येईपर्यंत तो तिसरा चेंडू कोणत्या षटकात आला, कोणी टाकला आणि तो कसा आत येईल असे वाटून बाहेर गेला, हे तो मला हाताने दाखवून सांगत होता. स्टेशन आले तेव्हा किट उचलायला मी हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला आणि गर्दीत कोणाच्या तरी गुडघ्यावर ते आपटत तो पुढे उतरला.